पाण्याने वळवलेली वाट

पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे चाळीस किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या कुशीत, पानशेत हे गाव वसलेले आहे. पुण्यातून निघालेला रस्ता खडकवासल्याच्या जलाशयाच्या काठाने जातो, सिंहगडाला डाव्या हातास ठेवतो, खानापूर मागे टाकतो आणि टेकड्यांची वळणे घेत घेत पानशेतच्या धरणापाशी येऊन पोहोचतो. तेथून पश्चिमेकडे पाहिले म्हणजे दूरवर पसरलेले निळे पाणी दिसते, पाण्यापलीकडे डोंगरांच्या रांगांमागून रांगा दिसतात, आणि त्या रांगांच्या पलीकडे कोकण आहे हे न दिसताही मनाला जाणवते.

अशा या ठिकाणी आश्विन महिन्यातील एका सकाळी तीन विद्यार्थी आपापल्या सायकलींवरून येऊन पोहोचले आहेत, अशी कल्पना करा. त्यांना पुण्याहून रायगडास जावयाचे आहे. सायकलींच्या कॅरियरवर कपड्यांची वळकटी बांधलेली आहे. हवा भरण्याचा पंप, पंक्चर काढण्याचे साहित्य, ब्रेकचे जादा रबर, पाण्याच्या बाटल्या आणि थोडे चणे-गूळ बरोबर आहेत. तिघांपैकी एकाने मार्ग ठरविण्याचे काम आपल्याकडे घेतले आहे. नकाशावर पट्टी ठेवून त्याने पाहिले, तेव्हा पानशेतपासून रायगडापर्यंतचे सरळ रेषेतील अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आसपास भरले. पंचवीस किलोमीटर म्हणजे सायकलस्वाराचा दोन तासांचा मार्ग! त्याने पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढली आणि ‘सायंकाळी रायगडाच्या पायथ्याशी’ असे घरी सांगून तिघे निघाले.

नकाशावर रेघ ओढण्यास कोणाचीच परवानगी लागत नाही. परंतु तीच रेघ जमिनीवर ओढू गेले म्हणजे डोंगर, नदी आणि हवामान या तिघांना विचारावे लागते. या तिघांनी ते विचारले नव्हते.

त्यांच्याजवळचा नकाशा जुना होता. धरण होण्यापूर्वी केलेल्या मोजणीवरून तो तयार झाला होता, त्यामुळे त्यात पानशेतच्या पश्चिमेस जलाशय नव्हताच. तेथे आंबी नदीची बारीक निळी रेघ होती. नदीच्या दोन्ही काठांना गावांचे ठिपके होते आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या तुटक रेघा होत्या. नकाशा हातात धरून तो तरुण धरणाच्या बाजूस उभा राहिला आणि एकदा कागदाकडे, एकदा पाण्याकडे पाहू लागला. ज्या वाटेने जाण्याचे त्याने योजिले होते, ती वाट पाण्याच्या तळाशी होती.

रस्त्याच्या कडेला एक वृद्ध शेतकरी गुरे घेऊन चालला होता. धाकट्याने त्याला हाक मारून विचारले, “आजोबा, इथून रायगडाकडे उतरायला रस्ता आहे का?”

म्हातारा थांबला. त्याने आधी मुलांकडे, मग सायकलींकडे पाहिले. “वाट हाय की,” तो म्हणाला, “पर ती पायाची. चाकाची न्हाई.”

“पण नकाशात ही गावं दाखवली आहेत. त्या गावांवरून—”

“ती गावं आता पाण्यात हायती, पोरा. माझ्या बापाचं घर तितंच व्हतं. त्या टेकडाच्या खाली.” आणि त्याने काठीने पाण्याच्या मधोमध कोठेतरी दाखविले. तेथे पाण्यावरच्या बारीक लाटांखेरीज काही नव्हते.

या पाण्याची हकीकत महाराष्ट्रातील प्रत्येक मुलास ठाऊक असावयास हवी. पुणे शहराची आणि त्याच्या पूर्वेकडील शेतीची पाण्याची गरज वाढत चालली, तेव्हा आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधावयास घेण्यात आले. धरण बांधावयाचे म्हणजे खोऱ्यातील गावे हलवावी लागतात. पिढ्यान्‌पिढ्यांची भातखाचरे, देवळे, पाणवठे सोडून माणसे दुसरीकडे गेली. त्यांच्यापैकी अनेकांना आपल्या आयुष्याचा मार्गच बदलावा लागला, आणि तो बदल त्यांनी स्वतः निवडलेला नव्हता. मग १९६१ चा पावसाळा आला. धरणाचे काम पुरते झाले नव्हते, तरी त्यात पाणी मात्र साठत गेले. पाणी सोडण्यासाठी धरणाच्या पोटातून काढलेला मार्ग कमकुवत राहिला होता. तो खचू लागला आणि वरची माती बसू लागली. लष्कराच्या जवानांनी भर पावसात, रात्रभर, वाळूची पोती रचून धरण सावरण्याचा पराकाष्ठेचा प्रयत्न केला. तथापि १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले. त्या पाण्याचा लोंढा खाली खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर येऊन आदळला आणि काही वेळाने तेही फुटले. मुठेचे पाणी पुण्यात शिरले. नदीकाठच्या पेठा बुडाल्या, बहुतेक पूल पाण्याखाली गेले, अनेकांचे प्राण गेले आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली. सकाळी नदी ओलांडून कामास गेलेल्या माणसाला सायंकाळी घरी परत जावयास वाट उरली नाही. हाकेच्या अंतरावरचे घर आणि मध्ये पाणी, असा तो दिवस होता.

पुढे पानशेतचे धरण पुन्हा बांधण्यात आले. त्याच्या जलाशयास आज तानाजीसागर म्हणतात. शेजारच्या मोसे नदीवर वरसगाव येथे दुसरे धरण झाले. त्यास मोसे खोऱ्यातील शूर देशमुख बाजी पासलकर यांचे नाव देण्यात आले आहे. ही दोन्ही धरणे एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की, एकावरून निघालेला माणूस पायी चालतही थोड्याच वेळात दुसऱ्याजवळ पोहोचतो. त्यांचे पाणी खाली खडकवासल्यास येते आणि तेथून पुण्याच्या घराघरांत जाते. सकाळी नळ सोडणाऱ्या पुणेकर मुलाला आपल्या ओंजळीतील पाणी कोणाच्या अंगणावरून आले आहे, याची बहुधा कल्पना नसते.

तिघे मित्र धरणाजवळच्या एका टपरीवर चहा घेत बसले. नकाशा सांभाळणाऱ्याने खिशातून मोबाइल काढला आणि त्यावरील नकाशा उघडला. तो नकाशा नवा होता. त्यात जलाशय अगदी काठोकाठ दाखविलेला होता. डोंगरातून जाणारी एक बारीक वाटही त्यात होती. धाकट्याला हुरूप आला. “ही बघा! म्हातारबाबांना माहीत नसेल,” तो म्हणाला. परंतु तिसरा जो होता तो फारसे न बोलणारा आणि सायकली दुरुस्त करण्यात वाकबगार होता. त्याने जुना कागदी नकाशाच पुन्हा पुढे ओढला आणि त्यावरील तपकिरी रेघांकडे बोट दाखविले.

या तपकिरी रेघांना समोच्च रेषा म्हणतात. समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेली ठिकाणे जोडून त्या काढलेल्या असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ज्या नकाशांत दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर असे प्रमाण असते, त्यांत लगतच्या दोन रेषांमध्ये सामान्यतः वीस मीटर उंचीचे अंतर असते. रेषा एकमेकींपासून लांब असतील तर चढ सौम्य, जवळ असतील तर उभा. आणि जेथे रेषा एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतात की डोळ्यांना एकच जाड पट्टा दिसावा, तेथे कडा आहे असे समजावे. त्या मुलाने आपले बोट पानशेतपासून पश्चिमेकडे सरकवीत नेले. आधी रेषा मोकळ्या होत्या. मग त्या दाटत गेल्या. आणि कोकणाच्या सीमेवर सर्व रेषा एकत्र येऊन उत्तरेकडून दक्षिणेकडे एक काळपट दोरी ताणल्यासारख्या दिसत होत्या. सह्याद्रीचा माथा तो हाच. पेन्सिलीची रेघ त्या दोरीला खुशाल छेदून पलीकडे गेली होती. नवा नकाशा असो वा जुना, पाणी बदलले तरी ही दोरी दोन्हींत तीच होती.

या कड्यावरून खाली उतरणाऱ्या वाटा नाहीत असे मात्र नाही. मढे घाट, उपांड्या घाट अशा कित्येक वाटांनी शतकानुशतके माणसे मावळातून कोकणात व कोकणातून मावळात गेली आहेत. कोकणातून मीठ वर आले, ते याच प्रकारच्या वाटांनी, माणसांच्या डोक्यावरून व बैलांच्या पाठीवरून. सिंहगडच्या लढाईत पडलेल्या तानाजी मालुसरे यांचा देह त्यांच्या उमरठे गावी नेला तो मढे घाटाने, असे या भागात परंपरेने सांगतात. पण हे ‘घाट’ आजच्या अर्थाने घाट नव्हेत. कातळात खोदलेल्या पायऱ्या, ओढ्याच्या पात्रातील धोंडे, आणि हाताचा आधार घेतल्यावाचून पाय न ठेवता येणारी वळणे, असा तो मार्ग असतो. तेथे सायकल ही वाहन राहत नाही. ती एक अवजड ओझे होते. ओझे खांद्यावर घेऊन ओल्या कातळावरून उतरणाऱ्याचा तोल गेला, तर सावरावयास दुसरा हात मोकळा नसतो.

“म्हणजे परत फिरायचं?” धाकट्याने विचारले. त्याच्या स्वरात नाराजी होती. निघताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून झाले होते. आता मागे वळणे त्याला लज्जास्पद वाटत होते.

वास्तविक सायकलीवरून पहिली पृथ्वीप्रदक्षिणा ज्याने केली, त्यालाही असेच मागे वळावे लागले होते. टॉमस स्टीव्हन्स हा तरुण १८८४ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथून निघाला. त्याची सायकल त्या काळच्या पद्धतीची होती: पुढचे चाक छातीएवढे उंच आणि मागचे अगदी लहान. अमेरिका व युरोप ओलांडून तो इराणपर्यंत आला. तेथून पुढे रशियाच्या ताब्यातील मुलुखातून जाण्याचा त्याचा विचार होता, परंतु त्यास परवानगी मिळाली नाही. तेव्हा तो अफगाणिस्तानात शिरला. तेथे त्याला अडविण्यात आले, हेरात येथे नेण्यात आले आणि पुन्हा इराणच्या हद्दीत आणून सोडण्यात आले. हिंदुस्थान तेथून पुढे, समोर होता. पण वाट बंद. स्टीव्हन्स मागे फिरला. कास्पियन समुद्र, काकेशस, काळा समुद्र, कॉन्स्टँटिनोपल, सुएझ असा प्रचंड वळसा घालून तो जहाजाने कराचीस उतरला, आगगाडीने लाहोरास आला आणि तेथून ग्रँड ट्रंक रस्त्याने पुन्हा सायकल चालवीत कलकत्त्यास पोहोचला. पुढे चीन व जपान ओलांडून १७ डिसेंबर १८८६ रोजी योकोहामा येथे त्याची सफर संपली. अफगाणिस्तानातच हट्टाने अडून राहिला असता, तर त्याचे काय झाले असते हे सांगता येत नाही. इतके खरे की योकोहामा त्याला दिसले नसते.

आपल्या मुंबईतील तरुणांचे उदाहरणही कमी तोलाचे नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी युवक सायकलींवर जगप्रवासास निघाले. पंजाब, बलुचिस्तान, इराण अशा मार्गाने ते बगदादला गेले आणि तेथून पुढे वाळवंटात शिरले. दिवसा अंग भाजून काढणारी उष्णता, रात्री गारठा, वाळूची वादळे आणि रिकाम्या होत चाललेल्या पाण्याच्या पिशव्या यांच्याशी झगडत त्यांनी ते वाळवंट पार केले. वाटेत काहींनी निरनिराळ्या कारणांनी साथ सोडली. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मात्र सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. त्यांनी आपल्या प्रवासाचे जे पुस्तक लिहिले, त्यास जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. सायकलीला मोटारीप्रमाणे पेट्रोल लागत नाही, हे खरे. पण पाणी लागते, आणि कोणत्या वाटेवर ते मिळेल हे ठाऊक असलेला माणूस लागतो.

पानशेतच्या टपरीवर अर्थातच एवढा मोठा प्रश्न नव्हता. घड्याळात बारा वाजले होते. सूर्यास्त सहाच्या सुमारास होणार होता. तिघांनी आता पेन्सिलीची रेघ बाजूस ठेवली आणि डोंगरांची रचना समजून घेण्यास आरंभ केला. हेच त्यांनी घरी केले असते तर बरे झाले असते.

सह्याद्रीच्या या भागास मावळ म्हणतात. सह्याद्रीच्या मुख्य माथ्यापासून डोंगरांच्या सोंडा पूर्वेकडे पसरलेल्या आहेत आणि प्रत्येक दोन सोंडांच्या मध्ये एकेक नदीचे खोरे आहे. मुठा नदीचे मुठे खोरे, मोसे नदीचे मोसे खोरे, कानंद नदीचे कानंद खोरे, गुंजवणीचे गुंजण मावळ, वेळवंडीचे वेळवंड खोरे, नीरेच्या उगमाकडील हिरडस मावळ. शिवकालातील कागदपत्रांत या मुलुखाची नावे आढळतात ती अशी, नद्यांवरून. तळहात पालथा करून टेबलावर ठेवा आणि बोटे फाका: बोटे म्हणजे डोंगरांच्या सोंडा आणि बोटांमधील फटी म्हणजे खोरी. नदीच्या बाजूने जाणारा रस्ता सोपा. तो फटीतून जातो. परंतु एका फटीतून दुसरीत जावयाचे तर बोट ओलांडावेच लागते. ज्या ठिकाणी बोट सर्वांत खाली दबलेले असेल त्या जागी माणसे ते ओलांडतात, आणि त्या जागेस आपण खिंड म्हणतो.

पानशेतच्या खोऱ्यातून दक्षिणेकडील कानंद खोऱ्यात जाण्यास अशी एक खिंड आहे. खानापुराजवळून फुटणारा रस्ता रांजण्यावरून पाबे घाट चढतो आणि पलीकडे पाबे गावावरून वेल्ह्यास उतरतो. वेल्ह्याहून एक रस्ता नसरापूरला, म्हणजे पुणे–सातारा हमरस्त्यावर येतो. तेथून भोर, आणि भोरहून वरंधा घाटाने महाड. महाडहून रायगड जवळ. हिशेब केला तेव्हा नवा मार्ग शंभराहून कितीतरी अधिक किलोमीटरांचा निघाला. पण त्यावर आरंभापासून अखेरपर्यंत चाक फिरणार होते.

मग वेळेचा हिशेब. सपाटीवर ओझ्यासह तासाला पंधरा किलोमीटर जाता येते; घाटात पाच-सहांच्या वर जाता येत नाही, आणि शेवटी उतरून सायकल ढकलावी लागेल असेही धरून चालावे. खानापुरापर्यंत परतीचे सुमारे पंधरा किलोमीटर, तेथून वेल्ह्यापर्यंत सुमारे पंचवीस, त्यांत घाट. एकंदर साडेचार तास. एक तास पंक्चरसाठी व विश्रांतीसाठी राखून ठेवला, तरी अंधारापूर्वी वेल्हे गाठता येत होते. पण आणखी अर्धा तास चहा पीत बसले तर येत नव्हते. तिसऱ्याने पेला खाली ठेवला. नकाशा सांभाळणाऱ्याने घरी दूरध्वनी केला आणि आपण आज रायगडास नव्हे, वेल्ह्यास मुक्काम करणार असल्याचे कळविले. पुढे डोंगरात गेल्यावर आवाज पोहोचेल याचा भरवसा नव्हता, म्हणून हे काम निघण्यापूर्वीच केले, हे त्याने शहाणपणाचे केले.

पाबे घाटाचा चढ सुरू झाला तसे तिघांचे बोलणे बंद पडले. दुतर्फा गवत पिवळे पडू लागले होते. पावसाळ्यातील झऱ्यांनी कोठे कोठे रस्त्यावर बारीक खडी आणून टाकली होती आणि तिच्यावरून मागचे चाक घसरत होते. धाकटा प्रारंभी वेगाने पुढे गेला, आणि तिसऱ्या वळणावर दगडावर धापा टाकीत बसलेला सापडला. तिसरा विद्यार्थी हलका गिअर घालून एकाच मंद गतीने पायंडे मारीत राहिला. तो कोठे थांबला नाही आणि कोठे घाईही केली नाही. खिंडीत प्रथम तोच पोहोचला.

खिंडीत उभे राहिले म्हणजे दोन्हीकडचा मुलूख दिसतो. दक्षिणेस तोरण्याचा प्रचंड डोंगर. १,४०३ मीटर उंचीचा हा गड पुणे जिल्ह्यातील गडांत सर्वांत उंच. त्याच्या पूर्वेस राजगड. मागे वळून पाहिले तर सिंहगड. या खिंडीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. पावसाचा जो थेंब खिंडीच्या उत्तरेस पडतो, तो मुठेस मिळतो, पुण्यातून वाहतो आणि मुळा-मुठेच्या प्रवाहाबरोबर भीमेत जातो. वीतभर अंतरावर, खिंडीच्या दक्षिणेस पडलेला थेंब कानंदीस मिळतो, गुंजवणीतून नीरेत जातो आणि पुणे त्याला दिसतही नाही. दोघे निरनिराळ्या मुलखांतून शेकडो किलोमीटर वाहत जातात आणि नीरा-नरसिंहपूर येथे, नीरा व भीमा यांच्या संगमावर, पुन्हा एकत्र येतात. तेथून पुढे भीमा, कृष्णा आणि बंगालचा उपसागर. ज्या कोकणचा समुद्र येथून इतका जवळ, त्याच्याकडे या पाण्यातील एक थेंबही जात नाही. मुलांना तर कोकणातच जावयाचे होते, आणि तीही पूर्वेकडेच वळली होती.

उतारावर तिसऱ्याने दोघांना थांबवून ब्रेक तपासावयास लावले. ओझ्याने जड झालेली सायकल उतारावर फार लवकर वेग घेते. ब्रेक सतत दाबून धरला तर रबर झिजते व कडी तापते. म्हणून वळणाच्या आधी वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून सोडावे, आणि वळणावर एकदम दाबू नये. धाकट्याचा मागचा ब्रेक सैल झालेला आढळला. त्याची तार आवळण्यात पंधरा मिनिटे गेली. धाकट्याने ती घड्याळाकडे पाहत काढली. साडेपाच वाजता ते वेल्ह्यास उतरले, तेव्हा तोरण्याच्या माथ्यावर ऊन होते आणि गावात सावली पडली होती.

रात्री एका देवळाच्या ओसरीवर त्यांनी पथारी पसरली. गावकऱ्यांनी पिठले-भाकरी दिली. तेथेच मुक्कामी आलेल्या एस. टी. च्या वाहकाकडून त्यांना समजले की, वरंधा घाटात दरड कोसळली असून वाहतूक बंद आहे. वरंधा घाटात असे पुष्कळदा घडते. सह्याद्रीच्या या बाजूस पाऊस अतिशय पडतो. खडकावरील माती पाण्याने जड होते व सैल पडते, आणि डोंगर तासून काढलेल्या रस्त्यावर ती दगडधोंड्यांसह घसरून येते. पाऊस थांबल्यावरही काही दिवस हा धोका टळत नाही. काही ठिकाणी रस्त्याचा खालचा भागच खचून जातो. मोटारी जात नसल्या तरी सायकल जाईल, असे धाकट्याने सुचवून पाहिले. वाहक हसला नाही. तो म्हणाला, “बाळ, दरड सायकल बघून पडत नाही.”

एका दिवसात दुसऱ्यांदा मार्ग बदलावा लागला. पण या वेळी कोणी कुरकुर केली नाही. कंदिलाएवढ्या मिणमिणत्या दिव्याखाली नकाशा पुन्हा उलगडला गेला. आता दोन मार्ग होते. एक, नसरापुराहून उत्तरेस पुण्याकडे परतून मुळशीवरून ताम्हिणी घाटाने माणगावास उतरावयाचे. दुसरा, सातारा रस्त्याने दक्षिणेस जाऊन खंबाटकी घाट ओलांडावयाचा, वाईहून पसरणी घाटाने पाचगणी व महाबळेश्वर गाठावयाचे आणि तेथून आंबेनळी घाटाने पोलादपुरास उतरावयाचे. अनुभवी सायकलस्वाराने बहुधा ताम्हिणीच पसंत केला असता, कारण महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच आहे आणि तितके चढून पुन्हा तितकेच उतरणे हे पायांची परीक्षा पाहणारे काम आहे. पण पुण्यातील गर्दीतून पुन्हा जाण्याचा तिघांनाही कंटाळा होता, सातारा रस्त्यावर जागोजाग गावे होती, आणि मुख्य म्हणजे नकाशा सांभाळणाऱ्याची आत्या वाईस राहत होती. मार्ग ठरविताना अशा गोष्टीही जमेस धराव्या लागतात. आंबेनळीचा रस्ता उघडा आहे ना, याची वाहकाकडून खात्री करून घेतल्यावरच मात्र त्यांनी दिवा मालवला.

दुसरा दिवस हमरस्त्यावर गेला. मोटारींच्या धुरळ्याखेरीज त्यात सांगण्यासारखे काही नाही. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी दिलेल्या दशम्या बांधून घेऊन ते पसरणी घाट चढले. पाचगणीपर्यंतचा निम्माअधिक चढ त्यांनी पायीच, सायकली ढकलीत, काढला. चौथ्या दिवशी सकाळी महाबळेश्वरच्या धुक्यातून ते आंबेनळी घाटात शिरले. पेन्सिलीची रेघ ज्या दोरीला छेदून गेली होती, ती समोच्च रेषांची काळपट दोरी ती हीच. केवळ येथे माणसांनी ती हळूहळू, वळणावळणांनी उलगडली होती. रस्ता एकदा डावीकडे जाई, एकदा उजवीकडे. प्रतापगड कधी समोर येई, कधी पाठीस जाई. प्रत्येक वळणाआधी तिसरा हात वर करी आणि तिघेही वेग कमी करीत. दोनदा थांबून त्यांनी चाकांच्या कड्यांवर लांबूनच हात धरून पाहिला. कड्या तापल्या होत्या. दोन्ही वेळा ते निवेपर्यंत सावलीत बसून राहिले. खाली उतरता उतरता हवा दमट व उबदार झाली, भाताच्या कापणीचा वास येऊ लागला आणि पोलादपूर आले.

महाडला त्यांनी जेवण केले. तेथून रायगडाकडे जाताना धाकट्याचे मागचे चाक पंक्चर झाले. ते त्याने स्वतःच काढले, कोणाला हात लावू दिला नाही. दिवेलागणीस तिघे पाचाडास पोहोचले. समोर रायगडाची काळी भिंत उभी होती. नकाशा सांभाळणारा मात्र गडाकडे पाठ करून पूर्वेकडे पाहत होता. तिकडे सह्याद्रीच्या माथ्यावर शेवटचा प्रकाश रेंगाळला होता, आणि त्या माथ्याच्या पलीकडे, पंचवीस किलोमीटरांवर, पानशेत होते.